लांजेवार काकूंचं एक्स्चेंज

लांजेवार काकू कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम कधी उघडायच्या नाहीत. त्या तो लावायच्या. रिझल्ट लावला, हजेरी लावली, छापखाना लावून ठेवला. आणि प्रोग्राम पडद्यावर आला की मान जराशी तिरपी करून त्या पडद्यालाच म्हणायच्या, "बोला." पडदा काय बोलणार! पण काकूंचा स्वरच असा होता की काउंटरपलीकडे उभा असलेला पालक दचकून आपलं काम सांगायला लागायचा. मी त्या स्वराच्या इतका प्रेमात होतो की वर्गात शिकवताना दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवायचो.

भिलाईच्या नेहरू नगरात हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचे कोचिंग क्लासेस होते. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. मी गणित शिकवायचो. रोज दुर्गहून यायचो. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरी मराठी आणि दाराबाहेर हिंदी, हा आमच्याकडचा नेहमीचा मामला. क्लासेसचे मालक साहू सर. माणूस वाईट नाही, पण सकाळी डोक्यात काय येईल ते दुपारच्या आत झालं पाहिजे, असा स्वभाव. मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं असा त्यांचा समज होता. म्हणजे वर्ग घ्यायचा तो घ्यायचाच, शिवाय प्रिंटर अडला की दिनेश, पडदा काळा झाला की दिनेश.

अशा या ऑफिसात एके दिवशी काकू आल्या. फिकट निळी साडी, कडक इस्त्री, आणि येता येता भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे असल्याची तक्रार. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातली ही बाई लग्न होऊन भिलाईला आली आणि स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. रिटायर झाल्यावर सेक्टर सहामधलं क्वार्टर सोडून नवराबायकोने स्मृति नगरात लहानसं घर बांधलं. काका बागेत रमले. काकूंना रमता येईना.

"घरी बसून कान गंजून राहिले न बाप्पा," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "दिवसभरात तीन फोन येतात. त्यातले दोन राँग नंबर."

साहू सरांनी त्यांना फोन आणि काउंटर सांभाळायला ठेवलं. फोनचं तर विचारूच नका. काकूंनी फोन घ्यायला सुरुवात केल्यावर चौकशीला फोन करणारे लोक आवाज ऐकूनच निम्मे गार व्हायचे. चढा नाही, गोड गोडही नाही. स्वच्छ, आणि घाई अजिबात नाही. कितीही चिडलेला बाप असो, काकू "बोला" म्हणायच्या आणि तो शहाण्यासारखा पोराचं नाव, वर्ग, तक्रार अशा क्रमाने बोलायचा.

या आवाजाची टाउनशिपमध्ये काय पत होती ते मी स्वतः पाहिलं आहे. एकदा काही कामाने आम्ही दोघं सेक्टर सहाच्या बाजारात गेलो होतो. काकू भाजीवालीला म्हणाल्या, "मेथी ताजी है क्या?" एवढंच. मागून एक म्हातारे गृहस्थ स्कूटर ढकलत चालले होते, ते जागच्या जागी थांबले. वळून म्हणाले, "मैडम, आप एक्सचेंज में थीं क्या?"

काकूंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. चेहरा ओळखीचा असण्याचा प्रश्नच नव्हता, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. "जरा दो शब्द और बोलिए," त्या म्हणाल्या. गृहस्थ गोंधळून म्हणाले, "क्या बोलूँ? मैं तो रेल मिल में..."

"दो सौ अठारह!" काकू ओरडल्याच. "दो सौ अठारह, रेल मिल! आपको हमेशा जल्दी रहती थी!"

मेथी राहिली बाजूला. भर बाजारात ती दोन माणसं अशी आनंदाने बोलत उभी होती की भाजीवालीने आपणहून मेथीवर कोथिंबीर फुकट दिली. परत येताना मी विचारलं, "काकू, त्यांचं नाव काय?" त्या म्हणाल्या, "नाव मले काय माहीत? माणूस नंबरावरून वळखू येते."

तर फोनवर काकू अशा राणी. कॉम्प्युटरपुढे मात्र त्यांची पार दैना व्हायची.

कारण त्यांचा उजवा हात थरथरायचा. म्हातारपणाचं कंपन, डॉक्टर म्हणाले फारसं काही करण्यासारखं नाही. चहाचा कप त्या डाव्या हाताने उचलून भागवायच्या, पण माउस उजवीकडे. बाण चित्रावर नेऊन दोनदा क्लिक करायचं, तर पहिल्या क्लिकला बाण चित्रावर आणि दुसऱ्याला शेजारच्यावर. नाहीतर बटण दाबलेलंच राहून चित्र भलतीकडे ओढलं जायचं. माउस मी डाव्या बाजूला लावून पाहिला. दोन दिवस त्यांनी निष्ठेने प्रयत्न केला आणि मग माउसला "हे उंदराचं पोट्टं" म्हणून दूर सारलं.

आणि मग ते रविवारच्या परीक्षेचं प्रकरण घडलं. प्रश्नपत्रिकांचं फोल्डर काकूंच्या हातून ओढलं गेलं आणि सुट्टीच्या नोटिसांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं. कुणालाच पत्ता नाही. परीक्षेला आलेली दीडशे पोरं जिन्यात, आणि आम्ही पेपर शोधतोय. तासाभराने सापडला. त्या तासात साहू सर तीन वेळा जिना उतरले आणि तीन वेळा चढले. संध्याकाळी त्यांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथेच होतो.

"मैडम, फोन आपके जैसा कोई नहीं उठाता," ते म्हणाले, आणि हे ते मनापासूनच म्हणाले. "लेकिन काउंटर पे कंप्यूटर भी तो चलाना पड़ेगा. पंद्रह दिन और देख लेते हैं. नहीं जमा तो नई लड़की बिठा देंगे. आप आराम कीजिए."

काकूंनी ऐकून घेतलं. बाहेर येऊन पर्स आवरायला लागल्या आणि आवरता आवरता थांबल्या.

"दिनेश, तुले एक गोष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर आमी सहा जणी. दिवा लागला का कॉर्ड उचलायची, कोण पायजे इचारायचं, खटकन लावायची. उजव्या हातानं चिठ्ठी लिहायची, डाव्या हातानं लाइन द्यायची. अशे वर्षंच्या वर्षं केले. मंग आपोआप नंबर लागणारी मशीन आली. यीन न, जग पुढं जाते, त्याचा मले राग नाई. पण मी लाइनीवर होती रे. अर्धं वाक्य तोंडात होतं. सायेब मागून आले अन् म्हणे, उठा मॅडम, बंद करून राहिलो. ते वाक्यबी माहं पुरं नाई झालं."

"मग?"

"मंग काय, उठली. रेकॉर्ड सेक्शनात बसवलं, तिथंच रिटायर झाली. पण पुन्हा नाई. या खुर्चीवरून मी उठीन तर माह्या मनानं उठीन. कोणी उठवलेलं आता मले खपणार नाई."

पगाराची त्यांना ददात नव्हती. नोकरी गेली असती तरी स्मृति नगरातलं घर चाललंच असतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की या वेळी खुर्चीतून कुणी उठा म्हणू नये. मला ते इतकं लागलं की दुर्गला जाताना मी बसमध्ये बसलो होतो की उभा होतो तेही आठवत नाही.

आणि बसमध्येच मला लाँचर आठवला!

लाँचर म्हणजे अगदी साधा, फुकटचा प्रोग्राम. कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिच्यात हव्या त्या प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचं, प्रोग्राम हजर. चित्र शोधायला नको, बाण न्यायला नको, माउस नको. शिवाय प्रत्येक प्रोग्रामला, फाइलला, फोल्डरला आपल्या मनासारखं छोटं नाव ठेवता येतं. मी कॉलेजात असताना तो हौसेने वापरायचो आणि मग विसरून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या तासभर आधी जाऊन तो काउंटरच्या कॉम्प्युटरवर टाकला.

काकू आल्या. मी म्हटलं, "काकू, डावा हात द्या. हे बटण अंगठ्याने दाबून धरा, अन् हे लांब बटण दाबा."

पट्टी उघडली. रिकामी पांढरी पट्टी, आणि तिच्यात लुकलुकणारी एक उभी रेघ.

काकू त्या रेघेकडे बघतच राहिल्या. "अरे," त्या हळूच म्हणाल्या, "हा तर दिवा लागला."

"आता टाइप करा. मी हजेरीच्या प्रोग्रामला 'हजेरी' असं नाव..."

"नाव नको!" काकू एकदम सरसावून बसल्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी तोवर पाहिला नव्हता. "नाव लांब असते. अन् एका नावाचे चार जण असतात. मले नंबर दे. नंबर ठेवता येते का याच्यात?"

"येतो की! कुठलाही ठेवा."

"मंग हजेरीले एकशे बारा ठेव. टाइम ऑफिस एकशे बारा होतं."

मी ठेवला. काकूंनी डाव्या हाताने पट्टी उघडली, एक, एक, दोन, एंटर. हजेरीचा प्रोग्राम पडद्यावर उभा राहिला. काकू म्हणाल्या, "बोला," आणि स्वतःच्याच "बोला"ने दचकून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी हजेरी बंद केली आणि पुन्हा लावली. पुन्हा बंद केली, पुन्हा लावली. आठ-दहा वेळा तरी. माझा वर्ग सुरू व्हायची वेळ होऊन गेली तरी मी तिथेच उभा! गणिताच्या मास्तराने पोरांना पंधरा मिनिटं ताटकळत ठेवलं, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

पुढचे दोन दिवस काकूंनी नंबर वाटण्यात घालवले. त्यात त्यांचं एक शास्त्र होतं. प्रोग्राम ज्या कामाचा, त्या कामाचं प्लांटमधलं जुनं खातं शोधायचं आणि त्याचा नंबर याला द्यायचा. रिझल्टला लॅबोरेटरीचा, कारण नमुना तपासून सांगायचं काम दोघांचं. प्रिंटरला छापखान्याचा. इंटरनेटला नुसता नऊ, कारण बाहेरगावच्या ट्रंक लाइनला नऊ होता. पालकांना मेसेज पाठवायच्या प्रोग्रामला फायर ब्रिगेडचा. का, तर मेसेज गेला की लोक धावत येतात. आणि अँटिव्हायरसला? मी म्हटलं, काकू, याला काय देणार, याचं खातं प्लांटमध्ये कुठून असणार? काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "मलेरिया विभाग. तीनशे सहा."

पंधराव्या दिवशी साहू सर काउंटरमागे येऊन उभे राहिले.  एक पालक आले, पोरीची हजेरी विचारली. काकूंनी त्यांचं वाक्य संपायच्या आत लावून दिली. दुसऱ्यांना रिझल्ट हवा होता, लागला. तिसऱ्यांना गेल्या महिन्याचा पेपर हवा होता, तोही लागला. प्रोग्रामच्या आतलं कामही त्या आता टॅब आणि एंटरवर करायच्या. टाइप करायला एकच बोट, डाव्या हाताचं, पण चुकायचं नाही. माउस टेबलाच्या कोपऱ्यात उलटा पडला होता. साहू सर पाच मिनिटं उभे राहिले, "अच्छा" म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. नव्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. काकूंनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला सर्व्हिस रोडवरच्या गाडीवरून ज्यूस मागवला. मला दोन ग्लास.

इथे गोष्ट संपली असती तर काकू नुसत्याच हुशार ठरल्या असत्या. पण काकूंनी एक चूक केली, आणि ती चूक एक्स्चेंजच्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती.

बोर्डावरची एक रीत होती. ड्यूटी संपली की सगळ्या कॉर्ड खाली, बोर्ड मोकळा. पुढची बाई येईल तिला एकही दोरी लोंबकळताना दिसता कामा नये. दुसरी रीत, नंबर कागदावर लिहून ठेवायचे नाहीत. कागद हरवतो, कुणाच्याही हाती पडतो. नंबर डोक्यात. काकूंनी दोन्ही रीती मनोभावे पाळल्या. पडद्यावरची चित्रं त्यांना लोंबकळणाऱ्या दोऱ्यांसारखी वाटायची, म्हणून त्यांनी रोज थोडी थोडी करून ती सगळी काढून टाकली. प्रोग्राम जागेवर होते, फाइली जागेवर होत्या, फक्त समोरची चित्रं गेली. मला म्हणाल्याही, "पाय, कसा साफ झाला बोर्ड." मीही मूर्खासारखा "वा" म्हटलं.

आणि काकू भाचीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेल्या.

नेमका त्याच दिवशी स्कॉलरशिप परीक्षेचा निकाल. कोण फुकट शिकणार ते त्यावर ठरायचं, त्यामुळे पार राजनांदगावपासूनचे पालक सकाळीच काउंटरला. साहू सर स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले, सुरू केला, आणि पडद्यावर काहीही नाही. निळं आभाळ आणि एक डोंगर, एवढंच.

मी जिना चढत होतो तेव्हाच त्यांचा आवाज ऐकू आला. "उड़ गया! सब उड़ गया!"

वर पाहतो तर हार्डवेअरवाला आलेला. त्याला बाजूच्याच गल्लीतून बोलावलं होतं. तो शांतपणे पिशवीतून सीडी काढत म्हणत होता, "फॉर्मेट मारना पड़ेगा सर. पुराना डेटा तो गया समझो." मी तीन पायऱ्या एकदम चढलो. "हात नका लावू! रुको, रुको! कुछ नहीं गया!" मी इतक्या जोरात ओरडलो की काउंटरपुढची गर्दी दोन पावलं मागे सरली.

नंबरांची यादी लाँचरच्या आत असते, ती मी काढून दिली असती. पण साहू सर खुर्ची सोडायला तयार नव्हते आणि माझं ऐकण्याच्या मनःस्थितीतही नव्हते. "मैडम को फोन लगाओ!"

फोन लागला. पलीकडे बँड वाजत होता. साहू सरांनी तो स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "मैडम, सारे नंबर लिखवाइए. अभी के अभी!"

बँडच्या वरून काकूंचा आवाज आला. स्वच्छ, बिनघाईचा. "नंबर लिखवाए नहीं जाते सर. आपको क्या चाहिए वो बोलिए."

साहू सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"रिजल्ट," ते म्हणाले.

"बाएँ हाथ से पट्टी खोलिए. खुली? अब दो, चार, शून्य. एंटर."

मी बोटाने दाखवली ती बटणं साहू सरांनी दाबली, मग नंबर. रिझल्टचा प्रोग्राम टपकन पडद्यावर! काउंटरपुढच्या एका बाईंनी चक्क टाळी वाजवली.

"लगा क्या?" काकूंनी विचारलं.

"लग गया मैडम! लग गया!"

"फिर मैं हटी," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

लाइन जोडून दिली की ऑपरेटरने मध्ये थांबायचं नसतं, दोन माणसांचं बोलणं ऐकायचं नसतं. ही तिसरी रीत. मिनिटाभराने साहू सरांना छापायला प्रिंटर हवा होता. पुन्हा फोन, पुन्हा बँड, पुन्हा "बोलिए", नंबर, "लगा क्या", "मैं हटी". मग मेसेज. मग विद्यार्थ्यांचे फोटो. मग इंटरनेट. पाच वेळा काकूंनी भाचीच्या मांडवातून लाइन दिली आणि पाचही वेळा फोन ठेवून दिला. चौथ्या वेळी तर बँड थांबला होता आणि मंगलाष्टकं चालू झाली होती. काकू कुजबुजत नंबर सांगत होत्या आणि आमच्या काउंटरपुढचे सगळे पालक श्वास रोखून ऐकत होते. निकाल दुपारच्या आत लागला. सगळी यादी भिंतीवर. हार्डवेअरवाला सीडी पिशवीत टाकून गेला.

तीन दिवसांनी काकू पेढे घेऊन आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फॉर्मॅट म्हणजे काय तेही सांगितलं. वर्षाचं सगळं काम पुसलं जाणार होतं, पाच मिनिटं उशीर झाला असता तर.

काकूंचा पेढ्याचा डबा हातातच राहिला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"चूक माही आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर आमी लिहीत नव्हतो हे खरं. पण बोर्डावर आमी सहा जणी होतो न रे. एक नसली तरी पाच जणींले नंबर पाठ. इथं मी एकटीनंच सारे पोटात ठेवले. हे ऑपरेटरचं काम नाई. हे तर खुर्ची धरून ठेवायचं काम झालं." मग म्हणाल्या, "खुर्ची जाईन म्हून भीत होती मी. खोटं कावून बोलू."

मला वाटलं, आता त्या यादी टाइप करून भिंतीला लावतील. छे! दुसऱ्या दिवसापासून चार वाजताच्या चहाला त्यांनी आमची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. साहू सरांपासून झाडू मारणाऱ्या फुलबासन दीदींपर्यंत सगळ्यांची. "छापखाना?" काकू कप खाली ठेवत विचारायच्या. ज्याच्याकडे बोट, त्याने नंबर सांगायचा. चुकला त्याला बिस्किट नाही. केमिस्ट्रीच्या सरांना सबंध एक आठवडा बिस्किट मिळालं नव्हतं. फुलबासन दीदी मात्र पहिल्या, त्यांना कॉम्प्युटरला हात लावायचा नसूनही सगळे नंबर पाठ. एका संध्याकाळी मी साहू सरांना एकटेच केबिनमध्ये पुटपुटताना ऐकलं, "मलेरिया तीन सौ छह, मलेरिया तीन सौ छह." त्या क्षणी मला या माणसाबद्दल जे प्रेम वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. आमच्याकडे येणारा नवा शिक्षक पहिल्या आठवड्यात नंबर शिकायचा आणि मग वेळापत्रक. कॉम्प्युटर दोनदा बदलला. दोन्ही वेळा मी सगळ्यात आधी लाँचर टाकला आणि काकूंनी शेजारी बसून नंबर पुन्हा एकेक वाटले, तेच, तितक्याच उत्साहाने.

कंपन मात्र थांबलं नव्हतं. ते उजव्या हातातून हळूहळू डाव्यात आलं. आम्हाला दिसत होतं. पट्टी उघडताना बोट एकदा घसरायचं, मग दोनदा. कुणी काही बोलत नव्हतं, साहू सर तर मुळीच नाही. उलट काउंटरला गर्दी झाली की ते काहीतरी निमित्त काढून स्वतःच काकूंशेजारी उभे राहायचे आणि "मैडम, आप बोलिए, मैं दबाता हूँ" म्हणायचे. काकू बोलायच्या, ते दाबायचे. त्यांना वाटायचं काकूंच्या लक्षात येत नाही.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास काकूंनी लॅबोरेटरी लावायला घेतली आणि मलेरिया लागला. बंद केला. पुन्हा लावली, भलतंच काहीतरी उघडलं. तिसऱ्यांदा पट्टी उघडलीच नाही. मी काउंटरपाशी खडू घ्यायला आलो होतो. काकूंनी हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या पालकांना म्हणाल्या, "एक मिनट." मग केबिनकडे वळून, त्याच स्वच्छ आवाजात, "सर, जरा बाहर आइए."

साहू सर आले.

"एका ड्यूटीत तीन राँग नंबर लागले का ऑपरेटरनं स्वतः सांगून उठायचं असते," काकू म्हणाल्या. घाईत मराठीतच बोलल्या, पण साहू सरांना आता तेवढं कळायचं. "आज माहे तीन झाले. मी उठून राहिली."

"अरे मैडम, क्या बात कर रही हैं!" साहू सर एकदम पुढे आले. "कोई उठने को बोल रहा है क्या? आप बैठिए. टाइप कोई भी कर लेगा, आप बस बैठिए. किसी की हिम्मत है आपको उठाने की?"

"तेच तं," काकू म्हणाल्या. "कोणी उठा म्हणत नाई, म्हून तं उठता येऊन राहिलं."

त्यांनी आधी समोरच्या पालकांचं वाक्य पुरं होऊ दिलं. मला रिझल्ट लावायला सांगितला, त्यांना मुलाचे मार्क वाचून दाखवले, "और कुछ?" म्हणून विचारलं. और कुछ नव्हतं. मग खुर्ची मागे सारून त्या उभ्या राहिल्या. ताठ, निळ्या साडीचा पदर सारखा करत.

आणि का कुणास ठाऊक, आम्हीही सगळे उठलो. साहू सर उभेच होते. केमिस्ट्रीचे सर उठले, फुलबासन दीदी झाडू बाजूला ठेवून सरळ झाल्या, बाकांवर बसलेले पालकसुद्धा काय चाललंय ते न कळून उठले. मला हुंदका येतोय की हसू तेच कळेना, आणि खरं सांगतो, त्यात आनंदच जास्त होता.

काकूंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"तुमी कावून उठले?" त्या म्हणाल्या. "उठायची पाळी माही आहे. बसा साऱ्याईनं. लाइन खोळंबल्या."

आम्ही मुकाट्याने बसलो. साहू सर काउंटरच्या त्या खुर्चीतच बसले. ऑफिसात काकू तेवढ्या एकट्या उभ्या होत्या, दोन्ही हात थरथरत होते, आणि त्या हसत होत्या.